बेसमेंटमध्ये आई-बाबांची खोली करताय? आधी इग्रेस खिडकीचं बघा

अमेरिकेत घर घेतलं की वर्षा-दोन वर्षांत बहुतेक मराठी घरांत एक बेत शिजायला लागतो: बेसमेंट फिनिश करायचं, म्हणजे घराखालच्या कोऱ्या तळघराच्या राहत्या खोल्या करायच्या. खाली मोठी बैठक, कोपऱ्यात पोरांचा पसारा, गणपतीत आरतीला चाळीस माणसं मावतील एवढी मोकळी जागा आणि एक बेडरूम. ती बेडरूम बहुधा आई-बाबांसाठी असते. ते सहा महिने राहायला येतात. त्यांना स्वतःची खोली हवी, लागून बाथरूम हवं, सकाळी लवकर उठले तर कुणाची झोपमोड नको. आम्हीही शिकागोजवळच्या आमच्या घरात हेच केलं. त्यात जे शिकलो, जे चुकलं आणि जे नियम पाठ झाले, ते पहिल्यांदाच हे काम काढणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

न्यू जर्सी, इलिनॉय, मिशिगन, ओहायो, मिनेसोटा या थंडीच्या भागांत बहुतेक घरांना बेसमेंट असतं. जमीन गोठते त्या थराच्या खाली घराचा पाया न्यावा लागतो. आमच्याकडे हा थर ४२ इंच खोल धरतात. एवढं खणायचंच आहे तर आणखी थोडं खणून अख्खा मजला मिळवायचा, असा तो हिशोब. पण त्या मजल्याला बाहेर पडायचा रस्ता साधारणपणे एकच असतो, जिना. तो बहुतेक घरांत स्वयंपाकघराजवळ नाहीतर हॉलमध्ये उघडतो. अमेरिकेत घरांना लागणाऱ्या आगींचं पहिलं कारण स्वयंपाक आहे. म्हणजे आग लागायची शक्यता जिथे सगळ्यात जास्त, तिथेच खाली झोपलेल्या माणसाचा एकमेव रस्ता जाऊन मिळतो. शिवाय फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, आणि वॉटर हीटर त्याच मजल्यावर, कित्येकदा भिंतीपलीकडे. त्यासाठी कायदा खाली दुसरी वाट मागतो. तिला इथे इग्रेस विंडो म्हणतात. आतल्या माणसाने तिच्यातून स्वतः बाहेर पडावं आणि पाठीवर हवेचा सिलिंडर बांधलेल्या अग्निशमन जवानाला तिच्यातून आत येता यावं, या दोन गोष्टींसाठी तिची मापं ठरली आहेत.

नियम कोणाचे?

इंटरनॅशनल कोड कौन्सिल ही संस्था दर तीन वर्षांनी इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड, म्हणजे आयआरसी, प्रसिद्ध करते. नाव इंटरनॅशनल असलं तरी वापर मुख्यतः अमेरिकेत. त्यातलं कलम आर३१० (२०२४ च्या आवृत्तीत आर३१९) आपल्या कामाचं. पण आयआरसी हा नमुना आहे. राज्य, काउंटी किंवा गाव तो स्वीकारतं तेव्हाच तो कायदा होतो, आणि स्वीकारताना त्यात बदलही करतं. शेजारच्या दोन गावांत वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या चालू असू शकतात. म्हणून खाली दिलेली मापं डोक्यात ठेवा, पण काम सुरू करण्याआधी आपल्या गावाच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला फोन करा. ही माणसं साधारणपणे मदत करायला तयार असतात. एवढं विचारा: कोणत्या वर्षाची आयआरसी लागू आहे? स्थानिक बदल कोणते? जुन्या बेसमेंटमध्ये नवी बेडरूम केली तर काय काय लागेल? भिंत कापायला इंजिनिअरच्या सहीचा नकाशा लागतो का? उत्तरं लिहून घ्या आणि कोणाशी बोललात, कधी बोललात, तेही लिहा.

टोरंटो, ब्रॅम्प्टनकडच्या वाचकांसाठी: कॅनडाच्या राष्ट्रीय बिल्डिंग कोडची मापं वेगळी आहेत. तिथे बेडरूमच्या खिडकीची मोकळी जागा किमान ०.३५ चौरस मीटर आणि कोणतीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नको, असा नियम आहे. प्रांत त्यात फरक करतात. हा लेख पुढे अमेरिकेच्या मापांनीच जाईल.

तिथे कोणी झोपणार आहे का?

सगळा कायदा या एका प्रश्नावर फिरतो. नवीन घर बांधताना बेसमेंटला निदान एक इग्रेस वाट ठेवावीच लागते. फक्त यंत्रसामग्रीसाठी असलेलं, २०० चौरस फुटांपर्यंतचं बेसमेंट तेवढं त्यातून सुटतं. आधीपासून असलेलं बेसमेंट नुसतं फिनिश करत असाल, म्हणजे बैठक, खेळायची जागा, तर आयआरसीच्या २०१५ आणि २०१८ च्या आवृत्त्या नवी खिडकी पाडायची सक्ती करत नाहीत. तुमचं गाव मात्र करू शकतं. पण झोपायची खोली नव्याने केलीत की सक्ती आलीच. आणि प्रत्येक बेडरूमला स्वतःची वाट हवी.

या शेवटच्या वाक्यापाशी बरेच जण अडखळतात. घर वॉकआउट आहे, बैठकीच्या खोलीतून मागच्या अंगणात सरकता दरवाजा आहे, मग बेडरूमला खिडकी कशाला? कारण धूर त्या बैठकीतच भरलेला असू शकतो. बेडरूमचं दार बंद आहे, बाहेर काही दिसत नाही, अशा वेळी त्याच खोलीतून थेट बाहेर जाता आलं पाहिजे. बैठकीतला दरवाजा बेसमेंटची गरज भागवतो, बेडरूमची नाही. पूर्ण घरात स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणारे नळ, असतील तर नव्या आवृत्त्या इथे थोडी सवलत देतात. तसं असेल तर बिल्डिंग डिपार्टमेंटला मुद्दाम विचारा.

दुसरी गोष्ट मला फार खटकते. "नकाशावर ऑफिस म्हणून दाखवा, इन्स्पेक्टर गेला की पलंग टाका," असा सल्ला काँट्रॅक्टर देतात आणि आपलेच मित्रही देतात. पैसे वाचतात, खरं आहे. पण त्या पलंगावर कोण झोपणार आहे? आपले आई-वडील, नाहीतर सुट्टीत आलेली भाचरं. परवानगी न घेता केलेली बेडरूम घर विकताना बेडरूम म्हणून दाखवता येत नाही आणि काही वाईट झालं तर विमा कंपनी प्रश्न विचारते, हे सगळं आहेच. मला तरी पहिलं कारण पुरेसं वाटतं.

जागा ठरवताना

खोली कुठे करायची हे फर्निचरवरून ठरवू नका, खिडकी कुठे पाडता येईल त्यावरून ठरवा. आम्ही उलट केलं आणि नकाशा दोनदा बदलावा लागला.

बाहेरून घराला एक फेरी मारा. एसीचं युनिट, गॅसचा मीटर, विजेची केबल, नळाची तोटी यांच्या जवळची भिंत सोडा. डेकखाली खिडकी चालते, पण खिडकी पूर्ण उघडली पाहिजे आणि डेकखालून अंगणापर्यंत किमान ३६ इंच उंचीची वाट मोकळी राहिली पाहिजे. कंपाउंडला अगदी लागून असलेल्या बाजूला खड्डा खणायला हद्दीचे नियम आडवे येऊ शकतात. घर एचओएमध्ये, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेत, असेल तर त्यांची परवानगी वेगळी.

मग आत या आणि वर बघा. छताच्या लाकडी जॉइस्ट, म्हणजे आडव्या तुळया, कोणत्या दिशेने जातात? ज्या दोन भिंतींवर त्यांची टोकं टेकतात त्या घराचा भार घेतात. बाकीच्या दोन भिंतींवर भार कमी असतो आणि तिथे कापणं सोपं जातं. भार घेणाऱ्या भिंतीतही खिडकी पाडता येते, पण वरचा लिंटेल, म्हणजे भोकावरचा भार पेलणारी आडवी तुळई, किती मोठा हवा ते इंजिनिअरकडून काढून घ्या. इथे अंदाजाने काम नको.

एक युक्ती आमच्या उपयोगी पडली. जुन्या बेसमेंटला वर, छताला लागून, ३२ बाय १६ इंचांच्या आसपासची छोटी खिडकी बहुधा असतेच. तिची रुंदी तेवढीच ठेवून भिंत फक्त खाली कापली, तर वरचा आधार तसाच राहतो. काम कमी, धोका कमी, खर्च कमी. मात्र त्या रुंदीत मापं बसली पाहिजेत.

मापांचं गणित

चार आकडे आहेत, आणि चारही एकाच वेळी पाळले गेले पाहिजेत:

मोकळी उंची किमान २४ इंच.
मोकळी रुंदी किमान २० इंच.
मोकळं क्षेत्रफळ किमान ५.७ चौरस फूट. खिडकीचा उंबरा बाहेरच्या जमिनीच्या ४४ इंच वर किंवा खाली या पट्ट्यात असेल तर ५ चौरस फूट चालतं.
खोलीच्या तयार फरशीपासून उघडलेल्या जागेच्या खालच्या कडेपर्यंत जास्तीत जास्त ४४ इंच.

आता गोम बघा. २० गुणिले २४ म्हणजे ४८० चौरस इंच, म्हणजे जेमतेम ३.३ चौरस फूट. उंची आणि रुंदी दोन्ही किमान मापाची घेतलीत तर खिडकी नापास. ५.७ चौरस फूट म्हणजे जवळपास ८२१ चौरस इंच. रुंदी २० इंचच मिळत असेल तर उंची ४१ इंचांहून किंचित जास्त हवी. उंची २४ इंचच मिळत असेल तर रुंदी सव्वाचौतीस इंचांच्या घरात जाते. ५ चौरस फुटांच्या हिशोबाने २० बाय ३६ किंवा ३० बाय २४ चालेल. माझं मत विचाराल तर ५ चा नियम लागू होत असला तरी ५.७ च धरून चला. फरक फार थोड्या इंचांचा असतो, आणि तेवढ्यात माणूस खांदे न वळवता बाहेर पडतो.

आणि आता तो शब्द, जो आम्हाला महाग पडला: मोकळी. खिडकी पूर्ण उघडल्यावर हवेत जी जागा रिकामी राहते, ती. चौकटीचं माप नाही, काचेचं नाही, दुकानातल्या लेबलावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं माप तर नाहीच. ३६ इंच रुंद स्लायडर, म्हणजे बाजूला सरकणारी खिडकी, घेतलीत तर तिची अर्धी बाजूच उघडते. चौकट वजा जाता हाती येतात १६-१७ इंच, म्हणजे रुंदीतच नापास. वर-खाली सरकणाऱ्या खिडकीची उंची अशीच निम्मी होते. म्हणून बेसमेंटला बहुतेक जण केसमेंट घेतात, दारासारखी बाजूला उघडणारी. कमी भोकात जास्त जागा तीच देते.

आम्हीही केसमेंटच घेतली. काँट्रॅक्टरने भिंतीतलं भोक मोजलं, खिडकी बसवली, सगळं सुरेख दिसत होतं. शेवटच्या तपासणीला इन्स्पेक्टर आले. खिडकी पूर्ण उघडली, टेप काढली आणि उघडलेल्या काचेच्या कडेपासून समोरच्या चौकटीपर्यंत आडवी धरली. १९ आणि एक चतुर्थांश इंच. बिजागरी अशी होती की पूर्ण उघडल्यावरही पल्ला, म्हणजे खिडकीची उघडणारी झडप, चौकटीच्या आतच थोडा उभा राहायचा आणि पाऊण इंच खायचा. त्यांनी कागदावर नापास लिहिलं आणि मला टेप हातात देऊन पुन्हा मोजायला लावलं. मोजली. तेवढीच. सुदैवाने त्या खिडकीच्या कंपनीकडे इग्रेस हिंज नावाची वेगळी बिजागरी मिळते. ती पल्ल्याला चौकटीच्या बाहेर सरकवते. ती बसवल्यावर तीच खिडकी पास झाली, पण तीन आठवडे गेले. खिडकी ऑर्डर करतानाच कंपनीच्या तक्त्यात "नेट क्लिअर ओपनिंग" हा आकडा शोधा आणि त्याचा छापील कागद परमिटच्या अर्जाला जोडा.

४४ इंचांचा नियम तयार फरशीपासून मोजतात. खाली सबफ्लोअर (काँक्रीटवरचा फळ्यांचा थर) आणि कार्पेट येणार असेल तर फरशी वर येते आणि उंबऱ्याची उंची कमी होते, हे आपल्या सोयीचं. पण तेवढीच छताची उंचीही कमी होते. राहत्या खोलीला ७ फूट उंची लागते, म्हणून दोन्ही बाजूंनी मोजा.

खिडकी किल्लीशिवाय, हत्याराशिवाय आणि काही खास युक्ती माहीत नसतानाही आतून उघडली पाहिजे. चोरीच्या भीतीने गज लावायचे असतील तर तेही आतून तसेच, नेहमीएवढ्याच जोराने निघाले पाहिजेत. कुलूप लावून किल्ली खुंटीवर टांगणं हे नियमात बसत नाही.

विंडो वेल

खिडकी जमिनीखाली असेल तर तिच्यासमोर खड्डा लागतो. तोच विंडो वेल. खिडकी चांगली आणि वेल अरुंद, अशी घरं मी पाहिली आहेत. पल्ला उघडून वेलच्या पत्र्याला टेकतो आणि माणूस मध्ये अडकतो. नियम असा: भिंतीपासून बाहेर किमान ३६ इंच, रुंदी किमान ३६ इंच, एकूण क्षेत्रफळ किमान ९ चौरस फूट, आणि खिडकी पूर्ण उघडता आली पाहिजे. वेल ४४ इंचांपेक्षा जास्त खोल असेल तर कायमची बसवलेली शिडी किंवा पायऱ्या हव्यात. शिडीचे दांडे किमान १२ इंच रुंद, भिंतीपासून किमान ३ इंच पुढे आणि एकमेकांपासून जास्तीत जास्त १८ इंचांवर. शिडीने वेलची किमान जागा ६ इंचांपेक्षा जास्त खाता कामा नये.

शिडी घ्यायची की पायऱ्या? कायदा दोन्हीला हो म्हणतो. आम्ही आधी शिडी घेतली. ते का चुकलं ते शेवटी सांगते.

वेलवर झाकण हवंच, नाहीतर पानं, बर्फ आणि शेजारचे ससे आत येतात. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं मिळतं, उजेड अडत नाही. तेही आतून हत्याराशिवाय उचलता आलं पाहिजे. पहिला मोठा बर्फ पडला की खाली उतरून, वेलमध्ये उभं राहून ते ढकलून बघा. आम्ही बघितलं तेव्हा आठ इंच ओला बर्फ वर होता आणि झाकण हलेना. तेव्हापासून ड्राइव्हवे साफ करताना वेलचं झाकणही साफ करायचं, हा घरचा नियम आहे.

पाण्याचं काय?

नवखे लोक इथेच सगळ्यात कमी लक्ष देतात. तुम्ही घराच्या पायाला लागून एक खड्डा खणला आहे. पाऊस आला की तो भरणार, आणि भरला की पाणी खिडकीच्या उंबऱ्यावरून सरळ पलंगापाशी येणार. २०२१ साली १ सप्टेंबरच्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने न्यूयॉर्क शहरात १३ माणसं गेली. त्यातली ११ बेसमेंटमधल्या घरांत अडकलेली होती. तेव्हा धोका आगीचा नव्हता, पाण्याचा होता.

वेलच्या तळाशी खडी आणि खडीखालून निचऱ्याचा पाइप हवा. तो घराच्या पायाभोवतीच्या ड्रेनला जोडलेला असावा. फक्त जिथे जमीन वाळूखडीची आणि पाणी झटकन जिरवणारी आहे तिथे सूट मिळते. आमच्याकडची चिकणमाती पाणी धरून ठेवते, म्हणून जोडणी करावीच लागली. ड्रेनचं पाणी सम्प पंपापर्यंत, म्हणजे साठलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपापर्यंत, येतं आणि वादळात आधी वीज जाते. त्यामुळे पंपाला बॅटरी बॅकअप घ्या. वेलची कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच वर ठेवा आणि छताच्या पन्हळीचं पाणी त्या बाजूला सोडू नका. पैसे वाचवायला हे काम स्वतः करणारे आहेत. कापणं, लिंटेल आणि ड्रेनची जोडणी या तीन गोष्टी माहीतगार माणसाकडूनच करून घ्या, असं माझं सांगणं आहे.

परमिट, ८११ आणि कापायचा दिवस

अर्जाला बेसमेंटचा मोजमापांसह नकाशा, खिडकीचा तक्ता, वेल आणि ड्रेनचा छेद, आणि लागत असेल तिथे इंजिनिअरचं रेखाटन जोडा. काँट्रॅक्टरला लायसन्स आणि विमा आहे का ते कागदावर पाहा. किमान तिघांकडून कोटेशन घ्या आणि कोटेशनमध्ये ड्रेन, वेलचं झाकण, बाहेरची माती हटवणं आणि आतल्या बाजूचं फिनिशिंग धरलं आहे का, हे ओळीने विचारा. स्वस्त कोटेशनमध्ये हेच गळलेलं असतं.

खणायच्या काही दिवस आधी ८११ वर फोन करा. हा नंबर देशभर चालतो, पैसे लागत नाहीत. गॅस, वीज, टेलिफोन या कंपन्यांची माणसं येऊन जमिनीखालच्या लाइनवर रंगाने खुणा करतात. खुणा होईपर्यंत फावडं लावायचं नाही, तुम्ही स्वतः खणत असलात तरी.

कापायच्या दिवशी घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं नकोत. डायमंड पात्याची करवत पाणी सोडत चालते. राखाडी चिखल होतो आणि आवाज दोन घरांपलीकडे जातो. आठ इंच जाडीच्या भिंतीतला तीन फूट बाय तीन फुटांचा तुकडा जवळपास ९०० पौंडांचा असतो. तो आत पडू द्यायचा की बाहेर खड्ड्यात, हे आधी ठरलेलं असावं. आमच्या माणसांनी त्याचे चार तुकडे करून एकेक बाहेर काढला. कापलेल्या कडेला लागणारं लाकूड प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेलं, हवं, नाहीतर काँक्रीटची ओल ते कुजवते.

त्यानंतर भिंतींची लाकडी चौकट, वीज, प्लंबिंग. हे झालं की रफ तपासणी, म्हणजे भिंती झाकण्याआधीची. ती पास होण्याआधी ड्रायवॉल, म्हणजे भिंतींवरचे जिप्समचे तक्ते, लावू नका. घाईने लावलेला ड्रायवॉल फोडून दाखवावा लागलेली कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत. जिन्याखाली बंद कपाट करत असाल तर त्याच्या आतूनही अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड लावावा लागतो, कारण तिथे साठवलेल्या सामानाला आग लागली तर जिना आधी जातो.

थोडं विषयाबाहेरचं, पण कोणी खाली झोपणार असेल तर सांगायलाच हवं: रेडॉनची चाचणी करून घ्या. हा जमिनीतून येणारा वायू आहे, रंग नाही, वास नाही, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होतो. ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा जास्त आलं तर उपाय करा, असं ईपीए, म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संस्था, सांगते. ड्रायवॉल लागण्याआधी पाइप टाकणं कितीतरी सोपं जातं.

अलार्म

धुराचा अलार्म बेडरूमच्या आत एक, बेडरूमबाहेर जवळच एक, आणि प्रत्येक मजल्यावर निदान एक. सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणजे वर स्वयंपाकघरात वाजला की खालचाही वाजला पाहिजे. गॅसवर चालणारी फर्नेस किंवा घराला जोडलेलं गॅरेज असेल तर झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लागतो.

कायद्याच्या पुढची एक गोष्ट. माझे बाबा रात्री कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतात. मग अलार्म कितीही मोठ्याने वाजो. त्यांच्यासाठी आम्ही गादीखाली ठेवायचं थरथरणारं यंत्र घेतलं, ते अलार्मचा आवाज ओळखून हलायला लागतं. सोबत झगमगणारा दिवाही येतो. तुमच्याकडे कमी ऐकू येणारं कोणी असेल तर हे जरूर घ्या.

रंगीत तालीम

अंतिम तपासणी पास झाली, कागद मिळाला, फाइलमध्ये लागला. आई-बाबा आले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जेट लॅग उतरल्यावर, मी आईला म्हटलं, "आई, एकदा या खिडकीतून बाहेर पडून दाखव बघू."

तिने खिडकी उघडली. क्रँक, म्हणजे खिडकी उघडायचा दांडा, फिरवायची असते हे तिला सांगावं लागलं, ती मूठ शोधत हाताने पल्ला ढकलत होती. उंबरा ४३ इंच होता, कोडमध्ये अगदी बसणारा. आईची उंची पाच फूट. छातीच्या वर येणाऱ्या त्या उंबऱ्यावर तिने दोन्ही हात टेकले, साडीच्या निऱ्या एका हातात गोळा केल्या, आणि थांबली. "अगं, पाय कुठे ठेवू?" मी स्टूल दिलं. ती उंबऱ्यावर बसली, पलीकडे वेलमध्ये उतरली, आणि शिडीकडे बघून म्हणाली, "हे मला नाही जमायचं. गुडघा वाकत नाही एवढा."

सगळी मापं बरोबर होती. पण त्या खोलीत झोपणारी माझी आई त्यातून बाहेर पडू शकत नव्हती.

मग आम्ही दोन बदल केले. शिडी काढून वेलला पायऱ्यांचा सेट लावला, रुंद पायऱ्यांचा, तयार मिळतो. त्यासाठी वेल थोडा बाहेर वाढवावा लागला, परमिटमध्ये बदल करून. आणि खिडकीखाली भिंतीला स्क्रूने पक्का केलेला एक ठोकळा बसवला, दोन पायऱ्यांचा, वर कार्पेट. इन्स्पेक्टरने सांगितलं की ४४ इंच या ठोकळ्यापासून मोजणार नाहीत, फरशीपासूनच मोजतील. हरकत नव्हती, आमचे ४३ फरशीपासूनच होते. नव्याने करत असाल आणि घरात ज्येष्ठ माणसं राहणार असतील तर उंबरा सुरुवातीलाच ३४-३६ इंचांवर घ्या आणि वेलला पायऱ्याच घ्या. भिंत कापणाऱ्याला तेवढं खाली जायला फारसं जास्त काम नसतं, फक्त आधी सांगावं लागतं.

आता दर वेळी ते आले की पहिल्याच आठवड्यात ही तालीम होते. एकदा उजेडात, एकदा दिवे बंद करून. आधी आई, मग बाबा, मग नात. घराबाहेर भेटायची जागा मेलबॉक्सपाशी ठरलेली आहे. पलंग खिडकीच्या भिंतीला लावलेला नाही, आणि खिडकीसमोर बॅगा ठेवायच्या नाहीत हे बाबांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं, कारण सामानाला जागा तिथेच सोयीची पडते. ठोकळ्याच्या वरच्या पायरीवर एक टॉर्च आणि आईच्या मागून पट्टा असलेल्या चपला असतात. नुसत्या स्लीपर पायऱ्यांवर निसटतात, हे तिनेच दुसऱ्या तालमीत शोधून काढलं.